मोफत विमानतळांना वारस मिळू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरच्या संगणकावरील विमान सिम्युलेटरविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. विमाने, जॉयस्टिक, ग्राफिक्स कार्ड यांची माहिती उपयोगी होती. विमानतळांच्या सिनरीची, म्हणजे धावपट्ट्या, इमारती आणि परिसर यांच्या संगणकातल्या प्रतिकृतीची, मात्र दोन ओळींत बोळवण झाली: चांगली हवी तर विकत घ्यावी, मोफत मिळते ती हौशी लोकांची असते. हौशी लोकांची असते हे खरेच आहे. पण या हौसेने काय उभे केले आणि ते आता कशामुळे हातचे जात आहे, हे सांगितल्यावाचून राहवत नाही, म्हणून हे पत्र.

मी नोकरीत बांधकामाचे नकाशे काढले. निवृत्तीनंतर सिम्युलेटरसाठी विमानतळ काढू लागले, त्यामुळे या कामाला काय लागते ते मला ठाऊक आहे.

मायक्रोसॉफ्टच्या 2020 च्या सिम्युलेटरमध्ये 37,000 विमानतळ होते. त्यांतले हाताने घडवलेले अगदी मोजके. बाकीचे उपग्रहाच्या छायाचित्रांवरून आणि माहितीच्या साठ्यावरून संगणकाने जुळवलेले. धावपट्टी जागेवर असते, पण टर्मिनल म्हणून कुठलीही साच्यातली इमारत उभी असते. स्कॉटलंडमधल्या बारा नावाच्या बेटावर विमाने समुद्रकाठच्या वाळूवर उतरतात. तिथल्या तिन्ही धावपट्ट्यांची टोके लाकडी खांबांनी दाखवलेली आहेत आणि भरती आली की तिन्ही पाण्याखाली जातात. उपग्रहाचे छायाचित्र भरतीच्या वेळचे असेल तर संगणकाला तिथे नुसते पाणीच दिसणार. खांब कुठे आहेत, वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी कुठे आहे, हे त्या जागेचे फोटो तासन्‌तास न्याहाळणारा माणूसच सांगू शकतो. विक्रीसाठी सिनरी करणाऱ्या कंपन्या साहजिकच मोठ्या शहरांकडे वळतात, गिऱ्हाईक तिथे असते. ग्लायडर क्लबची गवताळ पट्टी किंवा दिवसाकाठी एखादे विमान येणारे बेट कोणीतरी प्रेमापोटी केले तरच होते.

हे प्रेम कसे दिसते ते एका उदाहरणाने सांगते. टॅक्सीवे, म्हणजे विमानांचा जमिनीवरचा ये-जा करण्याचा रस्ता, धावपट्टीला मिळतो तिथे जमिनीवर पिवळ्या रेघा असतात, दोन सलग आणि दोन तुटक. सलग रेघांच्या बाजूने येणाऱ्याने तिथे थांबायचे आणि परवानगी मिळाल्यावरच पुढे जायचे. धावपट्टीवरून बाहेर पडणाऱ्याला तुटक रेघा आधी लागतात, त्याने त्या न थांबता ओलांडायच्या. सिनरी करताना रेघ ज्या दिशेने ओढली जाते त्यावर सलग बाजू कुठे पडते ते ठरते. उलटी ओढली तर चित्र वरून जवळपास तसेच दिसते, अर्थ मात्र नेमका विरुद्ध होतो. सिम्युलेटरवर सराव करणारा विद्यार्थी ती चूक डोळ्यांत साठवून घेऊन जातो. म्हणून चांगला कारागीर प्रत्येक जोडणीवर विमान नेऊन, खाली वैमानिकाच्या उंचीवरून पाहून खात्री करतो. याचे त्याला कोणी पैसे देत नाही.

आणि जे विमानतळ आता जगात उरलेलेच नाहीत, त्यांचे काय? हाँगकाँगचा काइ टाक 6 जुलै 1998 रोजी बंद झाला. तेरा क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरताना वैमानिक चौकटी रंगवलेल्या टेकडीच्या रोखाने येत आणि शेवटी नजरेच्या अंदाजाने उजवीकडे 47 अंश वळत. आज त्या धावपट्टीच्या टोकाला क्रूझ जहाजांचे टर्मिनल आहे. त्यामुळे नव्या सिम्युलेटरमध्ये काइ टाक परत आणायचा म्हणजे आधी आजच्या इमारती हटवायच्या, जमीन सारखी करायची, धावपट्टी टाकायची, मग ती टेकडी आणि भोवतालची वस्ती योग्य उंचीने बसवायची. उंची चुकली तर त्या वळणाला काही अर्थच राहत नाही. शिकागोचा मेग्ज फील्ड हा वर्षानुवर्षे मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमधला सुरुवातीचा विमानतळ होता. 30 मार्च 2003 च्या रात्री महापौरांच्या हुकमावरून त्याच्या धावपट्टीवर बुलडोझरने मोठमोठ्या फुल्या खोदल्या गेल्या. हौशी लोकांनी त्याचीही मोफत सिनरी केली, म्हणून तिथून अजून उड्डाण करता येते.

आता मूळ मुद्द्यावर येते. सिनरी एकदा केली की संपली असे होत नाही. धावपट्टीचा क्रमांक चुंबकीय दिशेवरून ठरतो आणि चुंबकीय उत्तर हळूहळू सरकत असते. लंडनच्या स्टॅन्स्टेड विमानतळाची 05-23 धावपट्टी (दोन टोकांचे दोन क्रमांक) 2009 मध्ये 04-22 झाली. जुन्या सिनरीत जमिनीवर 05 रंगवलेला राहतो आणि नव्या माहितीवर चालणारा, विमानांना सूचना देणारा टॉवर 04 वर उतरायला सांगतो. नवे टॅक्सीवे होतात, टर्मिनल पाडली जातात. सिम्युलेटरची पिढी बदलली की जुन्या फाइली नव्यात तशाच चालत नाहीत. म्हणजे मोफत विमानतळाला सतत कोणीतरी हात लावणारे लागते.

नेमका इथेच रस्ता बंद होतो. बहुतेक मोफत सिनरीबरोबर रीडमी नावाची छोटी फाइल येते आणि तिच्यात ठरलेली वाक्ये असतात: माझ्या लेखी परवानगीशिवाय यात बदल करू नये, ही फाइल दुसरीकडे चढवू नये. करणारा हयात आणि उत्साही असेपर्यंत हे ठीक आहे. पुढे तो दुसऱ्या कामात गुंततो, आजारी पडतो, जग सोडून जातो. ईमेलचा पत्ता बंद होतो. परवानगी मागायची कोणाकडे? एका लहान विमानतळाची सिनरी मी फार वर्षे वापरते. तिच्यातले धावपट्टीचे क्रमांक आणि थांबण्याच्या रेघा मी माझ्यापुरत्या दुरुस्त केल्या आहेत. कर्त्याला अनेकदा लिहिले, उत्तर नाही. रीडमीतला त्यांचा शब्द मी मोडणार नाही, त्यामुळे दुरुस्त फाइल माझ्याच संगणकात पडून आहे आणि बाकी सगळे जण चुकीची वापरत आहेत. याचा मला खरोखर त्रास होतो.

दुसरीकडे चढवायला मनाई असल्याने धोकाही वाढतो. ॲव्हसिम ही वेबसाइट म्हणजे या छंदाच्या फाइलींचे मोठे भांडार. मे 2009 मध्ये तिथे हॅकरने हल्ला केला. बॅकअप रोज घेतला जात होता, पण एका सर्व्हरचा दुसऱ्यावर, आणि हल्ल्यात दोन्ही सापडले. ॲव्हसिम पुन्हा उभे राहिले, पण एखाद्या फाइलची प्रत एकाच जागी असली की काय होऊ शकते हे तेव्हा सगळ्यांना कळले.

यावर उपाय नाही असे नाही. एक्स-प्लेन सिम्युलेटरच्या कंपनीने सिनरी गेटवे सुरू केला आहे. तिथे कोणीही वर्ल्डएडिटर या मोफत मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये विमानतळ करून पाठवतो, तो तपासला जातो आणि पुढच्या अद्ययावत आवृत्तीतून सगळ्यांना मिळतो. काम खुल्या परवान्याखाली असते. आधीच्या माणसाचे काम उचलून पुढचा माणूस सुधारतो, दोघांचीही नोंद राहते. एक मर्यादा आहे: तिथे सामाईक संग्रहातल्याच इमारती आणि वस्तू वापरता येतात, स्वतः घडवलेले टर्मिनल चालत नाही. काइ टाकसारखे काम म्हणूनच त्यात पुरते बसत नाही.

आपले काम कोणी विकेल, ही कर्त्यांची भीती मला समजते. असे प्रकार झालेही आहेत. पण त्यासाठी सगळीच दारे बंद करावी लागत नाहीत. क्रिएटिव्ह कॉमन्स या, आपले काम इतरांना वापरू देण्याच्या तयार परवान्यांत अशी निवड करता येते की मूळ नाव द्यावेच लागेल, विक्री करता येणार नाही आणि सुधारित कामही त्याच अटींवर द्यावे लागेल. कोणाला आज एवढेही नको असेल, तर रीडमीत एक वाक्य घालावे: “माझ्याकडून एक वर्ष उत्तर आले नाही, तर माझे नाव ठेवून ही सिनरी सुधारण्यास आणि मोफत वाटण्यास माझी परवानगी आहे.” सिनरीत दुसऱ्यांचे फोटो किंवा मॉडेल वापरली असतील तर ती कोणाची हेही तिथेच लिहावे, नाहीतर पुढचा माणूस अडतो. माझ्या प्रत्येक विमानतळाच्या रीडमीत या दोन्ही गोष्टी मी घातल्या आहेत.

आपल्याकडे एवढीच विनंती की पुरवणीत पुन्हा या विषयावर लेख येईल तेव्हा मोफत सिनरीची नावेही द्यावीत आणि प्रत्येकीपुढे तिचा परवाना छापावा, म्हणजे कोणत्या विमानतळात सुधारणा करता येईल हे नव्याने शिकणाऱ्यांना कळेल.

आपली,
एक वाचक, निवृत्त आरेखक