अप्पांनाच विचार

ठाणे, रविवार

प्रिय वसुधा,

फोनच करणार होते, पण अप्पा शेजारच्या खोलीत असले की तू नुसतं 'हं, हं' करतेस. म्हणून लिहून पाठवते.

डॉक्टरांनी 'पॅलिएटिव्हवाल्यांना', म्हणजे आजाराचा त्रास कमी करणाऱ्यांना, 'एकदा भेटा' म्हटल्यावर तुम्ही सगळे हादरलात. आता संपलंच, असं धरून बसलात. तसं नसतं गं. केमो चालू असतानाही ही मंडळी बघतात. दुखणं, धाप, मळमळ, झोप, शिवाय घरातल्यांची उडालेली तारांबळ, हे सगळं त्यांचंच काम. माझ्या मते तर निदान झालं त्याच आठवड्यात तुम्हाला तिकडे पाठवायला हवं होतं. पुण्यातच वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे, पैसे घेत नाहीत. तुला काय, रिक्षाने जाता येईल.

दुखणं थांबवणाऱ्या मॉर्फिनचं म्हणशील, तर दादाला सांग की व्यसनाची भीती सोड. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या गोळीचं प्रकरण वेगळं. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याने परवान्यांचा असा घोळ घातला की डॉक्टरच ते लिहून देईनासे झाले. २०१४ मध्ये कायदा सुधारला, तरी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे अजून मिळत नाही. आमच्या आईला सुरू केलं तेव्हा फ्रिजवर कागद चिकटवला होता: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, आणि रात्री १० ला दुप्पट, म्हणजे मध्ये उठवायला नको. सोबत पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून, ते विसरायचं नाही. दोन-तीन दिवसांत बाई उठून बसल्या आणि वरणात हिंग कमी पडलाय म्हणून मलाच ऐकवलं! धाप लागली की छोटा पंखा चेहऱ्यासमोर धरायचो, त्यानेही बरं वाटायचं.

आता खरं सांगायचं ते. व्हेंटिलेटर लावायचा का, आयसीयूत न्यायचं का, नळीने भरवायचं का, हे अप्पांनाच विचार. बोलतायत तोवर विचार. तुम्ही भावंडं त्यांच्यापासून आजार लपवताय, पण बँकेत हयात घालवलेला माणूस, रिपोर्टचे आकडे त्यांना तुमच्याआधी कळले असतील. 'काही झालं तर' अशी सुरुवात करू नकोस. 'अप्पा, तुम्हाला कसली काळजी वाटते?' एवढंच विचार आणि गप्प बस.

ते काय म्हणतात ते मग कागदावर आणता येतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये लिव्हिंग विलला, म्हणजे पुढे कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायला, मान्यता दिली, पण मॅजिस्ट्रेटपुढे सही करायची अट होती; कोण जाणार? २०२३ मध्ये ती काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, बस. स्वतःला बोलता आलं नाही तर कोणी बोलायचं, त्यांची नावं त्यात घालायची. उपचार थांबवायची वेळ आलीच तर डॉक्टरांची दोन मंडळं तपासून ठरवतात, त्यामुळे कुणी घाईने काही उरकेल ही धास्ती नको. इंजेक्शन देऊन मारणं यात बसत नाही, ते बेकायदाच आहे. काकू नक्की तेच समजतील, त्यांना आधीच सांगून ठेव.

माझा जीव मात्र कागदापेक्षा तुझ्या न्यू जर्सीच्या भावात अडकलाय. लांबची मुलं ऐन वेळी विमानतळावरून थेट येतात आणि 'जे जे शक्य आहे ते सगळं करा' म्हणतात. त्याला बिचाऱ्याला आधीचं काहीच ठाऊक नसतं. अप्पांशी बोलशील तेव्हा त्याला व्हिडिओ कॉलवर घे, त्यांच्याच तोंडून ऐकू दे.

शनिवारी सकाळच्या इंद्रायणीने येतेय. अप्पांसाठी गोखल्यांकडची साटोरी आणू का, की गोड बंद केलंय? कळव.

तुझी,
मंजू