आमच्या पाड्यावरच्या आशाताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

गोडी छाटणी सुरू झाली, येत्या आठवड्यात आम्ही द्राक्षबागांवर निघतोय. त्याआधी हे लिहायचंच होतं, आणि चारचौघांत लिहायचं होतं. पेठ तालुक्यातल्या डोंगरात गाडी पायथ्यालाच थांबते, पुढे ओहोळ ओलांडून चढायचं. तिथे तुम्ही काय करता, हे नाशिक शहरातल्या लोकांना कळायला हवं.

मागच्या हंगामात दिंडोरीकडे मजुरीला असताना हिला दिवस गेले. कळताच तुम्ही तिथल्या आशाताईंना फोन लावलात, म्हणून १२ आठवड्यांच्या आत नोंदणी झाली. नाहीतर कामाला बाहेर पडलेली आमची माणसं दोन्हीकडच्या रजिस्टरातून निसटतात. पोट बिघडतं म्हणून हिने लोहाच्या गोळ्या बंद केल्या, तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. रात्री जेवल्यावर घे, चहासोबत नको, एवढंच सांगितलंत. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

सगळ्यात मोठे आभार आईच्या बाबतीतले. तिची सगळी बाळंतपणं घरी, सुईणीच्या हातून झालेली. दवाखाना नको म्हणून ती हटून बसली. तुम्ही तिच्याशी वाद घातला नाहीत, सुईण आजींकडे गेलात. दुपारभर त्यांच्या ओट्यावर बसलात. मग आजीच येऊन आईला म्हणाल्या, "चल, मीपण येते सोबत." ऐन भाताच्या आवणीत, तारखेच्या आधीच, आम्ही आरोग्य केंद्राच्या माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी येऊन थांबायच्या तिथल्या खोलीत, राहायला गेलो. बाळंतपणाच्या दिवशी ओहोळ दुथडी वाहत होता. पाड्यावर असतो तर झोळी करून खांद्यावर न्यावं लागलं असतं, तेही पाणी उतरल्यावर. पूर्वी असंच न्यायचे. सगळ्याच बाया पोचल्या नाहीत.

पोरगी अडीच किलोच्या आत भरली. उघड्या छातीशी धरून तिला ऊब कशी द्यायची, ते तुम्ही मलाही शिकवलंत. बापानं धरलं तरी चालतं, हे मला तेव्हा कळलं. पुढे ४२ व्या दिवसापर्यंत वजनकाटा घेऊन भर पावसात वर येत राहिलात.

तुमच्या मोबदल्याचा काही भाग कामागणिक ठरतो. ओट्यावरची ती दुपार कुठल्या रकान्यात बसते? माझ्या मते खरं काम तिथेच झालं.

साडेतीन महिन्यांची लस आम्ही बागेवर असतानाच येईल. कार्ड बरोबर घेतलंय. दिंडोरीच्या ताईंचा नंबर तेवढा हिच्या फोनवर पुन्हा पाठवा, जुना फोन पावसात भिजून बंद पडला. आणि दिवाळीला आलो की घरी जेवायला या. आईनं सांगितलंय, नागलीची भाकरी तीच करणार.

तुमचा,
पाड्यावरचा एक बाप