क्लच ‘कडक’ केला म्हणून गाडी पळत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला ड्रॅग रेसिंगवरचा, म्हणजे सरळ पट्ट्यावर थोड्या अंतराच्या शर्यतींवरचा लेख वाचला. फोटो झकास होते, गाड्यांची माहितीही बरी होती. पण या गाड्यांना ‘तीन-चार प्लेटांचा कडक क्लच असतो, तो अजिबात स्लिप होत नाही’ असं एक वाक्य त्यात होतं. ते नेमकं उलटं आहे. लेख आल्यापासून पोरं मोबाइलमध्ये तो फोटो काढून गॅरेजवर येतात आणि म्हणतात, ‘भाऊ, क्लच कडक करी दे.’ म्हणून हे पत्र.

माझं फैजपूरला ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर हे रोजचं काम. माझा पुतण्या मात्र पुण्यात शर्यतीच्या गाड्या बांधतो. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर चौथाई मैलाच्या, म्हणजे 402 मीटरच्या शर्यती होतात. तिथे पळवायच्या एका जुन्या होंडा सिटीला टर्बो बसवला होता. तिचा दोन प्लेटांचा क्लच तो माझ्याकडे घेऊन आला. ‘काका, तिकडे सगळ्यांना घाई, इथे निवांत मोजता येईल,’ एवढंच त्याचं म्हणणं.

आधी जास्त प्लेटा कशाला, ते सांगतो. एका प्लेटीला घासणाऱ्या बाजू दोन. दोन प्लेटांना चार, तिघींना सहा. दाब तोच, व्यास तोच, तरी प्लेटा दुप्पट झाल्या की क्लच दुप्पट पीळ झेलतो. हेच काम एका प्लेटीवर जाड स्प्रिंग लावून करता येतं, पण मग पेडल दाबताना मांडी भरून येते आणि प्रत्येक दाबाला क्रँकला मागेपुढे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर नाहक भार पडतो. लहान व्यासाच्या जास्त प्लेटा घेतल्या की फिरणारं वजनही आटोक्यात राहतं. प्लेटा वाढवायच्या त्या ताकद झेलायला. क्लच सुटताच गच्च धरावा म्हणून नव्हे.

हिरवा दिवा लागतो तेव्हा चाक उभं असतं आणि इंजिन हजारो फेऱ्यांवर ओरडत असतं. हा फरक कुठेतरी जिरवावाच लागतो. क्लचने जिरवला नाही तर टायर जागेवर फिरतो. टायरची पकड चांगली असेल तर इंजिन बंद पडतं किंवा ॲक्सल तुटतो. ओल्या रानातून भरली ट्रॉली काढताना क्लच फटकन सोडला की चाक कसा खड्डा करतं, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शर्यतीच्या गाडीला वेगळा कायदा कुठून येणार?

अमेरिकेतल्या टॉप फ्युएल, म्हणजे ड्रॅग शर्यतीच्या सर्वांत वेगवान वर्गातल्या गाड्यांचं इंजिन 11,000 अश्वशक्तीच्या घरात जातं. त्या गाड्यांना गिअर बदलायचा गिअरबॉक्सच नसतो. सगळी मदार क्लचवर. 2008 पासून त्यांची शर्यत 1,000 फुटांची केली आहे आणि ती चार सेकंदांच्या आत संपते. त्यातला बराचसा वेळ क्लच मुद्दाम घसरत असतो! सुरुवातीला स्प्रिंगचा दाब बेताचाच ठेवतात. फिंगरच्या, म्हणजे क्लचमधल्या तरफांच्या, टोकाला वजनं लावलेली असतात, ती फेऱ्यांबरोबर बाहेर ओढ घेतात आणि प्लेटा आवळत जातात. ही ओढ फेऱ्यांच्या वर्गाने वाढते. 4,000 ला जेवढी, त्याच्या चौपट 8,000 ला. शिवाय क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग एकदम मागे न येता टायमरने टप्प्याटप्प्याने सोडतात, आणि त्यात संगणकाला स्वतः निर्णय घेऊ द्यायला नियमाने बंदी आहे. तिथला मेकॅनिक ग्रॅमच्या हिशेबात वजन काढतो-घालतो. शर्यत संपली की प्लेटा काढून टाकतो. कधीकधी त्या तापून एकमेकींना चिकटलेल्या निघतात.

आता आमच्या कामाबद्दल. त्या होंडाचा क्लच उघडला तेव्हा मधल्या पोलादी प्लेटीवर, म्हणजे फ्लोटरवर, निळे डाग पडलेले होते. मी ती टेबलावरच्या जाड काचेवर ठेवली. एका बाजूने तीन थाऊचं फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पट्टी, कडेखाली सहज गेलं, समोरच्या बाजूने काहीच जाईना. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. उष्णतेने फ्लोटर वाकला होता. तो सरळ असल्यासारखा वागणार नाही, कितीही दाबा. पुतण्याचा जीव खाली-वर झाला, कारण नवा फ्लोटर बाहेरून मागवायचा होता. मागवलाच.

मग प्रत्येक प्लेट मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजून, तिच्यावर आकडा घालून, गठ्ठ्याची एकूण जाडी वहीत लिहिली. हे काम सकाळी, सगळं थंड असताना करायचं. मे महिन्यात भुसावळकडे पारा 45 च्या वर जातो, त्या दुपारी घेतलेलं माप सकाळच्या मापाशी ताडू नये. नंतर पेडल दाबल्यावर प्लेटा किती सुटतात ते पाहायचं. एका प्लेटीच्या क्लचमध्ये ती फट दोन बाजूंत वाटली जाते, इथे चार बाजूंत. कमी पडली तर गाडी रेषेवरच पुढे सरकते आणि चालकाला लाल दिवा मिळतो, म्हणजे तो बाद. म्हणून पेडल जास्त खोल जाऊ दिलं तर डायफ्रॅमची, म्हणजे ताटलीसारख्या स्प्रिंगची, बोटं वाकतात. बेल हाउसिंग, म्हणजे क्लचभोवतीचं घर, इंजिनाशी सरळ बसलं आहे का, तेही डायल गेजने बघायचं. पाच थाऊपेक्षा जास्त फरक आला तर ते जागेवर धरणारी डॉवेल पिन बदलायची. हे आमच्याकडे कुणी तपासत नाही, आणि मग गिअरबॉक्सचं बेअरिंग ओरडतं म्हणून बेअरिंगवाल्याला शिव्या.

वजनांच्या क्लचमध्ये फिंगर सेटिंगही करावं लागतं, आणि ते तर ट्रॅक्टरसारखंच आहे. तिन्ही फिंगरची उंची एक हवी, नाहीतर प्रेशर प्लेट तिरकी उचलते. गठ्ठा जरासा झिजला की फिंगर तरफेच्या हिशेबाने त्याच्या कित्येक पट पुढे येतात आणि स्प्रिंगा सैल पडून दाब घटतो. तो शिम, म्हणजे पातळ चकत्या, बदलून पुन्हा जागेवर आणायचा. आमच्या भागातले जुने ट्रॅक्टर मिस्त्री हे डोळे झाकून करतील. पोरांनी त्यांच्याकडे बसावं. आयटीआयच्या प्रात्यक्षिकातही क्लच नुसता खोलून जोडायला न लावता गेज लावून मोजायला लावावा.

शेवटची गोष्ट जास्त गंभीर आहे. काही जण बिडाचं फ्लायव्हील, म्हणजे क्लच ज्यावर बसतो ते इंजिनाचं जड चाक, लेथवर सोलून हलकं करून घेतात आणि त्यावर कडक क्लच चढवून बायपासवर रात्री गाड्या पळवतात. फिरणाऱ्या बिडावरचा ताणही फेऱ्यांच्या वर्गानेच वाढतो. ते फुटलं तर तुकडे थेट चालकाच्या पायांकडे येतात. 1970 साली कॅलिफोर्नियात डॉन गार्लिट्स या नामांकित चालकाच्या गाडीत असाच स्फोट झाला आणि त्याच्या पायाचा पुढचा भाग गेला. त्याचा फुटला तो गिअरबॉक्स होता, पण तोही पायांपाशीच. त्यानंतर त्याने इंजिन चालकाच्या मागे नेलं. म्हणून शर्यतीत पोलादी फ्लायव्हील आणि स्फोट अडवणारं कवच लागतं. आपल्याकडे या दोन्हीऐवजी लोक पातळ पत्र्याचा फ्लोअर आणि नशीब यांवर भागवतात.

तेव्हा पुढच्या रविवारी ते वाक्य दुरुस्त करून छापावं ही विनंती. आणि जळगाव-धुळ्याच्या लेथवाल्यांनी बिडाचं फ्लायव्हील घेऊन येणाऱ्याला काम न करता परत पाठवावं. थोड्याशा मजुरीचाच तर प्रश्न आहे.

आपला,
एक ट्रॅक्टर गॅरेजवाला
फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव