चिखल्या लपवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत हृदय, गुडघे, डोळे यांवर नेहमी छापून येतं आणि ते मी कात्रण काढून ठेवते. पायाच्या बोटांमधल्या बुरशीबद्दल, म्हणजे चिखल्यांबद्दल मात्र मला कधी काही वाचायला मिळालं नाही. म्हणून हे पत्र.

माझ्या वडिलांनी तीस वर्षं कारखान्यात जाड सेफ्टी बूट घालून पाळी केली. त्यांच्या पायाला चिखल्या होत्या, हे घरात सगळ्यांना ऐकून माहीत होतं, पण पाहिल्या कुणीच नव्हत्या. गेल्या वर्षी एका रात्री त्यांना हुडहुडी भरून ताप आला. सकाळपर्यंत घोट्यापासून नडगीपर्यंत पाय लालबुंद, सुजलेला आणि हात ठेवला तर चटका बसावा इतका गरम झाला होता. रुग्णालयात परिचारिकेने मोजे काढायला सांगितले तेव्हा बाबा म्हणाले, "राहू द्या, घाण आहेत पाय."

दिवसातून दोनदा साबणाने पाय धुणारा माणूस हे म्हणत होता.

डॉक्टरांनी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हलकेच विलग केलं. आतली कातडी पाण्यात भिजलेल्या कागदासारखी पांढरी, लिबलिबीत झाली होती आणि खाली तांबडी चीर होती. "जंतू इथून शिरले," ते म्हणाले. सेल्युलायटिस, म्हणजे कातडी आणि तिच्या खालच्या थरांत जिवाणूंचा संसर्ग. बुरशीने कातडी फोडली आणि त्या फटीतून जिवाणू आत गेले. बाबांना मधुमेह आहे, पायाची संवेदना कमी झालेली, त्यामुळे चीर पडलेली त्यांना कळलीही नव्हती. आठ दिवस शिरेतून प्रतिजैविकं द्यावी लागली. दर तीन महिन्यांनी त्यांची साखर तपासून घेणारी मी. त्यांचे पाय मात्र मी एकदाही पाहिले नव्हते, आणि ही गोष्ट मला अजून टोचते.

दुसरा धक्का त्यांच्या कपाटात होता. शेपटाकडून गुंडाळत आणलेली मलमाची ट्यूब, कुणा नातेवाइकाने "खाजेवर रामबाण" म्हणून दिलेली. बारीक अक्षरं भिंगाखाली धरली तेव्हा त्यात क्लोबेटासोल सापडलं. हे तीव्र स्टेरॉइड आहे. त्याने लाली आणि खाज दबते, म्हणून माणसाला गुण आला असं वाटतं. खाली बुरशी मोकळेपणी पसरत राहते आणि चट्ट्याचं रूप इतकं बदलतं की डॉक्टरांनाही पटकन ओळखू येत नाही. बाबा ते दोन वर्षं लावत होते. वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे, घरातल्या ट्यूबवरची नावं आजच वाचा.

अॅथलीट्स फूट या चिखल्यांच्या इंग्रजी नावामुळे हा खेळाडूंचा आजार वाटतो आणि चिखल्या म्हटलं की चिखलात काम करणाऱ्यांचा. खरं तर ट्रायकोफायटॉनसारख्या बुरशीला कातडीतलं केराटिन हे प्रथिन, ऊब आणि ओल एवढंच लागतं. दिवसभर बंद बूट घालणाऱ्या कुणालाही ती होऊ शकते. बाबा पाय धूत होते, पण बोटांच्या बेचक्या पुसत नव्हते आणि ओल्या पायांवरच मोजे चढवत होते.

प्रत्येक वेळी खाज येतेच असंही नाही. बाबा घरी आल्यावर मी माझेच तळवे उजेडात पाहिले. रेषांमध्ये पिठासारखी पांढरी भुकटी आणि टाचेच्या कडेने कोरडे पापुद्रे. कोरडी कातडी समजून मी वर्षानुवर्षं त्यावर क्रीम चोळत होते. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर ती बुरशीच निघाली. तपासणीला काही मिनिटं लागली. बोटांमधल्या साध्या संसर्गाला बुरशीनाशक मलमानुसार एक ते चार आठवडे पुरतात, फक्त खाज थांबली म्हणून मध्येच सोडायचं नाही. नखात शिरली तर मात्र चिकाटी हवी, कारण पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष जातं.

उपचार इतके हाताशी असताना लोक थांबतात ते लाजेपायी. ताप आला की आपण चारचौघांत सांगतो, पायाला बुरशी झाली की मोजे घालतो. घरच्यांचंही चुकतं. "शी, लांब ठेव ते पाय" असं एकदा ऐकलेला माणूस पुन्हा दाखवत नाही. टॉवेल वेगळा ठेवावा हे खरं, पण तो देताना तोंड वाकडं कशाला करायचं?

आपल्या पुरवणीत एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाकडून यावर लेख लिहून घ्यावा, छायाचित्रांसह. चित्रं किळसवाणी वाटतील म्हणून गाळू नयेत. बाबांनी असं चित्र पाहिलं असतं तर स्वतःचा पाय ओळखला असता.

हे पत्र पाठवण्याआधी मी त्यांना विचारलं. थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "नाव नको घालू. पण ट्यूबचं नक्की लिही."

आपली,
एक वाचक
(विनंतीवरून नाव छापू नये)