किंमत विचारण्याआधी नाणे उलटून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘हे नाणे घरात असेल तर तुम्ही लखपती’ अशा मथळ्याच्या बातम्या मोबाइलवर रोज येतात आणि अधूनमधून छापील वृत्तपत्रांतही दिसतात. त्यांचा परिणाम ठाण्यात, वाशी-नेरुळमध्ये उघड जाणवतो. नाण्यांच्या प्रदर्शनात आलेल्या शाळकरी मुलाचा पहिला प्रश्न ‘हे कुठल्या राजाचे?’ असा असायला हवा. तो ‘हे कितीला जाईल?’ असा असतो आणि बहुतेक वेळा तो त्याला पालकांनी शिकवलेला असतो. आवडीसाठी नाणी जमवणे आणि विकून नफा मिळवण्यासाठी नाणी घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्यात गैर काही नाही. व्यापारी नसते तर संग्राहकांना निम्मी नाणी मिळालीच नसती. पण छंदाच्या नावाखाली मुलांना नफ्याचे गणित शिकवले जाते आणि ते गणितही चुकीचे असते, म्हणून हे पत्र.

वैष्णोदेवीचे नाणे घ्या. २०१२ साली श्री माता वैष्णोदेवी श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त पाच आणि दहा रुपयांची नाणी निघाली. ती चलनासाठीच पाडलेली होती आणि आजही सुट्ट्या पैशांत मिळतात. याच नाण्याला पाच-दहा लाख मिळतात असे सांगितले जाते. फसवणुकीची पद्धत ठरलेली आहे. तुम्ही नाण्याचा फोटो जाहिरातीच्या संकेतस्थळावर टाकता. तासाभरात फोन येतो, घासाघीस न करता लाखांचा भाव कबूल होतो. मग नोंदणीचे हजार-दोन हजार मागितले जातात, नंतर जीएसटी, नंतर रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्याचे बनावट पत्र आणि त्याची ‘फी’. शेवटी पैसे ‘जमा’ करण्यासाठी क्यूआर कोड येतो. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की ती जुन्या नाण्या-नोटांच्या अशा व्यवहारांत नसते आणि त्यासाठी कोणतेही शुल्क वा कमिशन घेत नाही. पैसे गेलेच असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी; उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते.

याच माळेतले आणखी दोन मणी. राम-सीता-हनुमानाचे चित्र, मागे ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ आणि ‘यूकेएल’ अशी अक्षरे असलेला तांब्या-पितळेचा तुकडा: कंपनीने असे नाणे कधीही पाडलेले नाही. आणि तांदूळ ओढून घेणारे ‘चमत्कारी’ नाणे: तांदळाला लोखंडाचा कीस लावलेला असतो, नाण्यात चुंबक असतो. दोन्हींच्या नादात लोकांनी जमिनी विकल्या आहेत.

आता मुख्य गैरसमज. जुने म्हणजे महाग, असे सगळे धरून चालतात. राणी व्हिक्टोरियाच्या चांदीच्या रुपयावर १८६२ साल दिसले की घरात खळबळ उडते. पण १८६२ हे साल ठशावर गोठवलेले होते. तेच साल कायम ठेवून पुढे १८७४ पर्यंत रुपये पाडले गेले. १८४० च्या रुपयाचेही तसेच, तो १८६१ पर्यंत निघत राहिला. म्हणून हे रुपये विपुल आहेत. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया वयाने कितीतरी लहान, पण अतिशय दुर्मीळ. आणि म्हणूनच १९३९ च्या नावावर सर्वाधिक खोटी नाणी फिरतात. १९३८ च्या आठाला कोरून नऊ करतात, किंवा १९४० नंतरच्या रुपयाचे साल बदलतात.

हे ओळखायला दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा पुरतो. दोन्ही हजार-दीड हजाराच्या आत येतात. चांदीच्या रुपयाचे मूळ वजन ११.६६ ग्रॅम. १९३९ पर्यंत त्यात ९१.७ टक्के चांदी होती. १९४० ते १९४५ मध्ये ती ५० टक्क्यांवर आली आणि कडेला सुरक्षेची खाच (कडेच्या मधोमध गोल फिरणारी चर) आली. म्हणजे ‘१९३९’ च्या कडेला खाच दिसली की प्रश्नच मिटला. पुढची कसोटी पाण्याची. काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून शून्य करा. रुपया बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काट्यावरचा आकडा, म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन, ९१.७ टक्के चांदीला सुमारे १.१३ ग्रॅम येतो, ५० टक्क्यांच्या रुपयाला सुमारे १.२२ आणि तांबे-निकेलच्या नकली रुपयाला १.३१ च्या आसपास. बुडबुडा चिकटला तर आकडा वाढतो, म्हणून नाणे आधी ओले करून घ्यावे. झिजलेल्या नाण्याचे वजनच कमी असते, तेव्हा थेट आकडा न धरता कोरड्या वजनाला पाण्यातल्या आकड्याने भागावे. चांगल्या चांदीला १०.३ च्या जवळपास उत्तर येते. चुंबकाचा उपयोग वेगळ्या ठिकाणी आहे: चांदी चिकटत नाही, पण १९४६-४७ चे रुपये निकेलचे असल्याने चिकटतात. १९४७ च्या वाघछाप रुपयाला ‘चांदीचा’ म्हणून विकणाऱ्यासमोर एक छोटा चुंबक पुरे. सराफाकडे धनत्रयोदशीला मिळणारे नव्याने पाडलेले ‘राणीछाप’ मात्र चांदीचेच असतात आणि या कसोट्यांतून सुटू शकतात. तिथे भिंगच कामाला येते. राणीच्या केसांच्या बटा आणि झग्यावरची नक्षी चोळल्यासारखी बुळबुळीत दिसली, तर ते पूजेचे नाणे समजावे.

नफ्याचा हिशेब इथे कुणी नीट मांडत नाही. समजा, हजार रुपयांना एक नाणे घेतले. व्यापाऱ्याला त्याचे भाडे, प्रवास आणि पडून राहणारा माल धरायचा असतो, म्हणून तेच नाणे परत द्यायला गेलात तर तो सहाशे-सातशे सांगेल. यात लबाडी नाही, धंदाच तसा चालतो. म्हणजे बाजारभाव निम्म्याने वाढला तरी तुम्ही जेमतेम मुद्दलावर येता. लिलावात विकले तर विकणाऱ्याकडून आणि घेणाऱ्याकडून कमिशन जाते. इंटरनेटवर दिसणारा आकडा हा मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. त्यात दर्जाचा प्रश्न: न वापरलेल्या नाण्याचा भाव पाहून लोक आपल्या गुळगुळीत नाण्याची किंमत ठरवतात आणि मग व्यापाऱ्याला चोर म्हणतात.

सरकारी टांकसाळीची स्मारक नाणी गुंतवणूक म्हणून घेण्याची चालही पडली आहे. नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाचे २०२३ चे ७५ रुपयांचे नाणे ३५ ग्रॅमचे आहे, पण त्यात चांदी निम्मी, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. बाकी ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. १९४० च्या रुपयाचे मिश्रण नेमके हेच. नाणे हातात घेऊन ८३ वर्षांचा हा धागा जुळवणाऱ्याचा आनंद खरा आहे. केवळ चढ्या भावाने विकायला दहा पेट्या घेऊन ठेवणाऱ्याला चांदीचा भाव आणि गिऱ्हाईक, दोन्हींची वाट पाहावी लागते.

कायदाही माहीत असावा. २०११ च्या नाणे कायद्यानुसार नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे गुन्हा आहे. वाजवी गरजेपेक्षा बरीच जास्त चलनी नाणी दर्शनी किमतीपेक्षा वेगळ्या भावाने विकण्यासाठी साठवणेही त्यात येते. संग्रहातल्या चार नाण्यांची कुणाला काळजी नको, पण पाचच्या जुन्या जाड नाण्यांच्या गोण्या भरणाऱ्यांनी विचार करावा.

छंद म्हणून सुरुवात करायची असेल तर खर्च जवळपास नाही. प्रजासत्ताकाचा एक रुपया घ्या आणि त्याचे सगळे प्रकार जमवा. १९५० चा निकेलचा ११.६६ ग्रॅम, १९६२ पासूनचा १० ग्रॅम, १९७५ चा तांबे-निकेलचा ८ ग्रॅम, १९८३ चा ६ ग्रॅम, १९९२ चा पोलादी ४.८५ ग्रॅम, २०११ चा, रुपयाचे नवे चिन्ह असलेला, ३.७९, आणि २०१९ चा जेमतेम तीन ग्रॅमचा. हे एका ओळीत मांडले की महागाई म्हणजे काय, हे दहावीच्या मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. सुरुवातीची दोन-तीन सोडली तर बाकी नाणी किरकोळ पैशांत मिळतात.

त्याहून सोपा खेळ टांकसाळीच्या खुणांचा. सालाच्या खाली चौकोनी हिरा असेल तर मुंबई, पाच टोकांचा तारा असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. टीएमटीच्या बसमध्ये आणि भाजीवाल्याकडे मिळालेल्या सुट्ट्यातून एकाच सालाच्या चारही खुणा जमवायला महिने लागतात आणि त्यात खरी गंमत आहे. महाराष्ट्राशी नाते सांगणारा संचही घरबसल्या होतो: डॉ. आंबेडकरांचा १९९० चा रुपया, संत ज्ञानेश्वरांचा १९९९ चा रुपया, त्याच वर्षीचे छत्रपती शिवाजी महाराजांचे अकरा कोनी दोन रुपये. आजीच्या डब्यातला भोकाचा पैसा सापडला तर उत्तमच. १९४३ मध्ये युद्धामुळे धातू वाचवायला त्याला भोक पाडले होते.

शिवराईकडे, म्हणजे शिवकालीन तांब्याच्या नाण्याकडे, जाण्याआधी मात्र थांबावे. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र / पति’, हे सगळ्यांना पाठ असते आणि खोटी पाडणाऱ्यांनाही. जुना ठसा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे अस्सल शिवराईवर अक्षरे आणि ठिपक्यांची कड बहुधा अर्धवट उतरलेली असते. सगळी अक्षरे आणि कड दोन्हीकडे पूर्ण, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोके आणि कडेला सांध्याची रेघ दिसली तर ते ओतीव नाणे आहे. शिव, शीव, सिव अशी लेखनातली वळणे गोळा करणाऱ्याला एकेक शिवराई वर्षभर पुरते. भाव पाहून घेणाऱ्याला ती सगळी सारखीच दिसते.

जपणुकीत सर्वात जास्त नुकसान नफ्याच्या घाईने होते. ‘चकाकले की जास्त पैसे’ म्हणून चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर लावली जाते. वरचा पातळ थर जातो, बारीक ओरखडे पडतात आणि जाणकार त्या नाण्याला हातही लावत नाही. धूळ असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर बुडवून ठेवावे, न घासता मऊ कापडावर टिपून घ्यावे, पूर्ण वाळू द्यावे. बस. खाडीकाठच्या या दमट हवेत मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकचे अल्बम तर घातकच: त्या पीव्हीसीतून आम्ल सुटते आणि नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. तो आला तर शुद्ध अ‍ॅसिटोन काचेच्या वाटीत घेऊन, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब, नाणे काही मिनिटे बुडवावे. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि रंग असतो. त्यानंतर नाणे पॉलिस्टरची खिडकी असलेल्या पुठ्ठ्याच्या पाकिटात ठेवावे. रबर बँड आणि वर्तमानपत्राचा कागद चांदी काळी करतो. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी, आणि ती जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी बदलावी. पाकिटावर नाणे कुठे, कधी, कितीला मिळाले ते पेन्सिलीने लिहावे.

या शेवटच्या नोंदीचे महत्त्व सर्वांत जास्त आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. मध्ययुगात कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहारांच्या काळात या भागात गधैया नाणी चालत. चार ग्रॅमच्या आसपासचे चांदीमिश्रित तुकडे, एका बाजूला राजाचा चेहरा झिजत झिजत रेषा-ठिपके झालेला, दुसरीकडे अग्निवेदी. असे नाणे सुटे मिळाले तर ते फारसे काही सांगत नाही. मडक्यासकट मिळाले तर कोणत्या गावात, कोणत्या नाण्यांसोबत, किती खोलीवर सापडले यावरून इतिहास लिहिता येतो. पाया खणताना मडके लागले आणि मजुरापासून दलालापर्यंत रात्रीत वाटणी झाली, की ते सगळे कायमचे पुसले जाते. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांवरचे नाणे खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, हेही परदेशी गिऱ्हाईक शोधणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

शाळांनी मुलांना फोर्टमधील रिझर्व्ह बँकेच्या नाणेसंग्रहालयात न्यावे. ठाण्याहून लोकलने सीएसएमटी, पुढे चालत. ज्यांना खोलात जायचे आहे त्यांच्यासाठी नाशिकजवळ अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे.

आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणे आहे. लखपती करणाऱ्या नाण्यांच्या बातम्या थांबवाव्यात आणि त्याऐवजी आठवड्याला एका नाण्याची दोन्ही बाजूंची छायाचित्रे छापावीत. खाली साल, टांकसाळ, धातू, वजन आणि व्यास द्यावा. भाव देऊ नये.

आपला,
एक नाणेसंग्राहक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)