बदल अर्ज वेळेत टाका

महोदय,

मराठवाड्यातल्या अनेक वाचनालयांची, शिक्षण संस्थांची अडचण पैशाची नाही, कागदाची असते. विश्वस्त वारले, नवे निवडले, पेढे वाटले. पण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम 22 खालचा बदल अर्ज, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद करून घेण्याचा अर्ज, धर्मादाय कार्यालयात गेलाच नाही. मुदत 90 दिवसांची. पुढे बँक सह्या बदलून देत नाही, तेव्हा धावाधाव.

अर्जासोबत सभेची नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, ठरावाची प्रत, नव्यांची संमतीपत्रे, मृत्यूचा दाखला किंवा राजीनामा लावा. नोटिशीची पोच नसली की हरकत हमखास येते. व्हॉट्सअ‍ॅपवर भिस्त ठेवू नका, रजिस्टरवर सही घ्या. मुदत टळली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबतच द्या. आधीचा बदल प्रलंबित असेल तर तो आधी मार्गी लावा, नाहीतर नवाही रखडतो.

– एक करसल्लागार, परभणी