शांती अवेदना सदनातल्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,

बाबांना जाऊन तीन महिने झाले. तेराव्यानंतर तुमचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून धड शब्द फुटला नाही, म्हणून हे पत्र.

एका मोठ्या इस्पितळात 'आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या' असं चालता चालता सांगून झालं होतं. वांद्र्याला माउंट मेरीजवळ तुमच्याकडे आणायचं ठरलं, तर मामा भडकले. "जन्मभर माळकरी राहिलेला माणूस शेवटी नन लोकांच्या हाती देणार?" खरं सांगतो, थोडी धास्ती मलाही होती. देशातलं हे पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या माणसाचं शेवटचं दुखणं हलकं करणारी जागा, १९८६ पासूनची, कुठल्याही धर्माचा माणूस येतो, पैसा घेत नाहीत, हे सगळं ऐकून होतो. तरीपण.

पहिल्याच सकाळी तुम्ही बाबांचं अंग पुसत होता. मानेशी आलात तेव्हा तुळशीची माळ दोन बोटांनी उचललीत, खालून पुसून घेतलंत, मणी सारखे करून परत ठेवलीत. काढली नाहीत. मामा बघत होते. नंतर ते गप्पच झाले. (मामा गप्प बसणं ही आमच्याकडे मोठी घटना असते.)

पण आभार मानायचेत ते गोळीबद्दल. दर चार तासांनी वेदना शमवणारं मॉर्फिन द्यायचं, आणि बाबा तोंड मिटून घ्यायचे. डॉक्टरांनी समजावलं, मी तर ओरडलो. तुम्ही स्टूल ओढून बसलात. "बाबा, का नको?" बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "माझे भोग आहेत. इथंच फेडून जाऊ द्या. पुढच्या जन्माला बाकी नको."

मी त्यांचा मुलगा, आणि मला हे ठाऊक नव्हतं.

तुम्ही वाद घातला नाहीत, वारीचं विचारलंत. सतरा वाऱ्या केलेला माणूस, लागला बोलायला. लोणंद, तरडगाव, फलटण. मग तुमच्या त्या मल्याळी वळणाच्या मराठीत तुम्ही विचारलंत, "चालून कुणाचे पाय भरून आले तर काय करता?"

"तेल चोळतो."

"त्याचे भोग म्हणून सोडून देत नाही?"

बाबा तुमच्याकडे बघत राहिले. मग हसले, आणि आ केला.

हॉस्पिसची आजची कल्पना रुजवणाऱ्या सिसिली सॉन्डर्स दुखण्याचे चार पदर सांगत, हे मी नंतर वाचलं: शरीराचं, मनाचं, घरादाराचं आणि श्रद्धेचं. आम्ही पहिल्यावरच अडलो होतो.

शेवटचे दिवस ते शांत झोपले. आईला बाहेर बाकावर बसवून तुम्ही काय सांगितलंत, ते तिनं अजून मला सांगितलेलं नाही. आत येऊन ती बाबांना एवढंच म्हणाली, "माझी काळजी करू नका."

तिनं तुमच्यासाठी लिंबाच्या लोणच्याची बरणी भरून ठेवलीय. तुम्हाला तिखट चालत नाही हे दोनदा सांगून पाहिलं. "चाखतील तरी," म्हणते. रविवारी घेऊन येतो.

तुमचा,
खिडकीजवळच्या खाटेवरच्या बाबांचा मुलगा